नवापूरहून पलसाण्याला: चोवीस अंडी आणि आजी

दिवाळी झाली की आमच्या पलसाण्यात ऊस दिसायला लागतो. चार रस्त्यावर एका बाजूने मुंबई-अहमदाबाद हायवेचे कंटेनर धावत असतात, दुसऱ्या बाजूने बारडोली-धुळ्याचा रस्ता येऊन मिळतो आणि या गर्दीतून उसाचे ट्रक साखर कारखान्याची वाट धरतात. ऊसतोडीला डांगातून, नंदुरबार-धुळ्याकडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, पोरं आणि पुष्कळदा एक डालगंही असतं. डालग्यात दोन-तीन कोंबड्या. लहानपणी शाळेतून येताना मी त्या डालग्यात डोकवायचो. माझा हात धरून चालणारी आजी मात्र तोंड दुसरीकडे फिरवायची.

त्यामागचं कारण मला बऱ्याच उशिरा कळलं.

आमचं गाव नवापूरजवळ. नवापूर म्हटलं की आपल्या मंडळींना आधी ते रेल्वे स्टेशन आठवतं. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे, एकाच बाकाच्या मधून राज्याची सीमा जाते. पण नवापूरची दुसरी ओळख कोंबड्यांची. गावाभोवती मोठमोठे पोल्ट्री फार्म आहेत आणि तिथली अंडी सीमा ओलांडून आपल्याकडेही येतात. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूरचं नाव देशभर गेलं ते याच कोंबड्यांमुळे. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथे. भोपाळच्या प्रयोगशाळेने खात्री केली आणि लाखो पक्षी मारावे लागले. शेजारचा उच्छल तालुका तेव्हा सुरत जिल्ह्यातच होता, तापी जिल्हा २००७ मध्ये वेगळा झाला. तिथेही तेच झालं.

फार्मवरच्या कोंबड्यांबरोबर घरोघरच्या गावरान कोंबड्याही गेल्या. आजीच्या चौदा होत्या, त्यात एक तुरेवाला कोंबडा. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली, पोत्यात भरून घेऊन गेली. रोग पसरू नये म्हणून ते करावंच लागतं, हे आजीलाही कळत होतं. पण खुराड्याचं दार तिने स्वतः उचकटलं आणि चुलीत घातलं. त्याच वर्षी ती आमच्याकडे पलसाण्याला राहायला आली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. त्यानंतर आमच्या घरात कोंबडी हा विषय कधी निघाला नाही.

तो मी काढला, आणि तोही चुकीच्या पद्धतीने.

मी एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये काम करतो. दिवसभर तापमान आणि वेळ सांभाळायची. दोन अंश इकडेतिकडे झाले की कापडाची शेड बदलते. घरी अंडी उबवण्याचे व्हिडिओ पाहिले तेव्हा वाटलं, हे तर आपलंच काम! एका मे महिन्यात मी थर्मोकोलचा स्वस्त इनक्युबेटर मागवला. आत दोन बल्ब आणि एक थर्मोस्टॅट, पंखा नाही. पलसाण्याच्याच एका विक्रेत्याकडून ‘गावठी’ म्हणून वीस अंडी घेतली आणि पेटी वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली.

एकविसाव्या दिवशी काही झालं नाही. बाविसाव्या, तेविसाव्या दिवशीही नाही. मग मी अंडी फोडून पाहिली. सात अंड्यांत काहीच घडलेलं नव्हतं. दहांमध्ये जीव धरला होता, पण सुरुवातीलाच गेला होता. उरलेल्या तीन अंड्यांत पूर्ण वाढलेली, पिसं आलेली पिल्लं होती. मेलेली. आजी मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही.

“त्यामा जीव शे रे भाऊ,” एवढंच म्हणून ती आत गेली.

पेटी फेकून द्यावी असं वाटलं होतं. पण ती तीन पिल्लं नजरेसमोरून हलेनात. नेमकं कुठे चुकलं ते शोधायचं ठरवलं, आणि लॅबमधली सवय तिथे कामाला आली.

पहिली चूक अंड्यांची. अंडं फलित नसेल तर जगातलं कुठलंही यंत्र त्यातून पिल्लू काढू शकत नाही. दुकानातली पांढरी अंडी पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची असतात, तिथे कोंबडा नसतोच. ‘गावठी’ म्हणून विकतात त्यांचीही खात्री नसते. अंडी अशा घरून घ्यावीत जिथे कळपात कोंबडा फिरताना आपण डोळ्यांनी पाहिला आहे. ती सात दिवसांच्या आतली असावीत, फार तर दहा. फ्रिजमध्ये ठेवलेली नकोत आणि धुतलेली तर नकोतच. अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो जंतू आत जाऊ देत नाही. धुतलं की तो जातो.

दुसरी चूक जागेची. इनक्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दुपारचा पारा चाळिशीला टेकतो. अंड्यांना ३७.५ अंश सेल्सियस हवेत. बल्ब बंद असूनही माझ्या पेटीत अंडी शिजत होती. तापमान थोडं कमी झालं तर पिल्लू उशिरा निघतं, पण जास्त झालं तर काही तासांतही मरू शकतं. आपल्या दक्षिण गुजरातेत या कामाला थंडीचे दिवस बरे आणि घरातली खालची, उन्हापासून लांबची खोली बरी.

तिसरी चूक यंत्राची. पंखा नसलेल्या पेटीत वरची हवा गरम आणि खालची गार असते. अशा पेटीत अंड्यांच्या वरच्या टोकाच्या पातळीवर ३८.५ ते ३९ अंश ठेवावे लागतात, आणि माझा सेन्सर झाकणाजवळ होता. शिवाय पेटीवरचा आकडा खरा आहे की नाही हे मी तपासलंच नव्हतं. लॅबचा थर्मामीटर आत ठेवला तेव्हा पेटी दीड अंश खोटं बोलत होती.

दुसरा इनक्युबेटर घेण्यापूर्वी म्हणून मी यादी केली. आत पंखा हवा. तापमान एक दशांशापर्यंत दाखवणारा आणि दुरुस्त करता येणारा थर्मोस्टॅट हवा. अंडी आपोआप फिरवणारा ट्रे असेल तर उत्तम. कोंबडी दिवसातून कितीतरी वेळा चोचीने अंडी हलवते, तसं केलं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. हाताने फिरवायची असतील तर पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. संख्या विषम ठेवायची, म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच बाजूवर जात नाही. झाकण न उघडता पाणी भरता यावं, आत दिसायला पारदर्शक खिडकी असावी आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्याची सोय असावी. आकाराचा मोह टाळावा. घरी २४ ते ५० अंड्यांचं यंत्र पुष्कळ झालं. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असतात आणि ते पहाटे आरवतात, हे विसरू नये.

यंत्र आलं की रिकामंच चोवीस तास चालवलं. आर्द्रता मोजणाऱ्या मीटरची परीक्षा घ्यायची सोपी युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन जेमतेम ओलं करायचं आणि मीटरसह हवाबंद डब्यात आठेक तास ठेवायचं. मीटरने ७५ टक्के दाखवायला हवेत. माझा ७० दाखवत होता, म्हणून पुढे दर वेळी पाच मिळवून वाचला.

सर्वांत आधी मात्र शेजारी विचारायला गेलो. आमचं घर बैठं आहे, मागे छोटी वाडी आहे, पण भिंतीला भिंत लागून शाकाहारी कुटुंब राहतं. “केटला दिवस, भाई?” बेनने विचारलं. मी सांगितलं, दोन महिने, मग गावाला नेऊन सोडणार. त्या हसल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

नोव्हेंबरच्या एका रविवारी मित्राची गाडी घेऊन निघालो. आजीला विचारलं, “गावाला येतेस?” बऱ्याच वेळाने चपला घालून ती गाडीत येऊन बसली.

पलसाण्याहून नवापूर दोनेक तासांचा रस्ता. बारडोलीपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. १९२८ चा शेतकऱ्यांचा सत्याग्रह याच मातीतला. व्यारा गेलं की ऊस विरळ होतो, साग दिसू लागतो. सोनगडला डोंगरावर किल्ला दिसतो, पिलाजीराव गायकवाडांचा. बडोद्याच्या आधी गायकवाडांचं ठाणं इथे होतं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत असतं? पुढे उच्छल आणि मग नवापूर. पाट्या गुजरातीतून मराठीत येतात, पण माणसांच्या बोलीत कुठे सीमा लागत नाही. उच्छलपासून आजी खिडकीबाहेर पाहत होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे पुन्हा बर्ड फ्लू आला होता आणि पुन्हा लाखो पक्षी गेले होते. त्याही वेळी ती बातमी लागताच तिने टीव्ही बंद केला होता.

मामीच्या अंगणात कोंबड्या होत्या आणि रुबाबदार कोंबडाही होता. निघण्यापूर्वीच मी फोन करून आजूबाजूला मर नाही ना, हे विचारून घेतलं होतं. तशी काही शंका असेल तर अंडी आणि पक्षी दोन्ही हलवायचे नाहीत, हा पहिला नियम. मामीने आठवडाभराची अंडी गार कोपऱ्यात टोपलीत जमवली होती. मी निवडायला बसलो. फार मोठं नको, फार लहान नको, तडा नको, वेडावाकडा आकार नको. तेवढ्यात आजीचा हात पुढे आला. तिने अंडं कानाजवळ नेऊन हलकेच बोटाने वाजवलं आणि बाजूला ठेवलं. “तडकेल शे,” ती म्हणाली. उजेडात धरलं तेव्हा केसाएवढी चीर दिसली. मग तिनेच चोवीस अंडी निवडून दिली.

निमुळतं टोक खाली करून, भाताच्या तुसात बसवून ती अंडी आम्ही पलसाण्याला आणली. प्रवासात अंडी हादरतात, म्हणून रात्रभर तशीच शांत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी यंत्रात लावली.

कोंबडीशिवाय अंडी उबवणं ही काही आजची गोष्ट नाही. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत शेण आणि गवत जाळून हजारो अंडी उबवत. तिथे थर्मामीटर नव्हता, कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखत. हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, “मग त्यांना कळत होतं.”

पहिले अठरा दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के ठेवायची. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच इतकी दमट असते की पाणी जपूनच घालावं लागतं. थंडीत मात्र रोज लक्ष ठेवावं लागलं. सातव्या रात्री खोली अंधारी करून मोबाइलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. यालाच कँडलिंग म्हणतात. पाच अंडी स्वच्छ पिवळी दिसली, म्हणजे फलितच नव्हती. एकात नुसतं लाल कडं होतं, म्हणजे जीव धरून गेला होता. अठरांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या आणि मध्ये हलणारा ठिपका दिसला. शेजारच्या बेनचा नातू तोंड उघडं ठेवून पाहत होता. चौदाव्या दिवशी आणखी एक अंडं कमी झालं. सतरा उरली.

सोळाव्या रात्री दीड वाजता वीज गेली.

बॅटरीची सोय असलेलं यंत्र मी घेतलं होतं, बॅटरी मात्र ‘पुढच्या पगाराला’ ठेवली होती. तापमान ३७ वरून ३५ वर आलं, मग ३३. मला पुन्हा ती तीन पिल्लं दिसायला लागली. तेवढ्यात अंधारात आजी आली, हातात तिची गोधडी. “झाकण उघडू नको,” म्हणाली आणि पेटीभोवती गोधडी गुंडाळली. हवेची भोकं तेवढी मोकळी ठेवली, कारण एवढी वाढलेली पिल्लं अंड्यातूनही श्वासाला हवा ओढत असतात. मी पाणी तापवून बाटल्या भरल्या आणि बाजूला लावल्या. शेवटच्या आठवड्यात पिल्लांची स्वतःची ऊबही अंड्यात असते, त्यामुळे चार-पाच तास ती बहुधा तग धरतात. हे मी वाचलं होतं. आजीला ते वाचायची गरज नव्हती. कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठतेच की, असं ती म्हणाली. पहाटे सहाला वीज आली तोवर आम्ही दोघं पेटीला टेकून बसलो होतो. त्या रात्री तिने मला तिच्या चौदाही कोंबड्यांबद्दल सांगितलं. कुठली खुडूक झाली की चावायची, कुठली शेजारच्या गवताच्या गंजीत लपून अंडी घालायची.

दुसऱ्याच दिवशी मी बॅटरी आणली.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद केलं, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर नेली आणि झाकण उघडायचं नाही असं घरात जाहीर केलं. विसाव्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो तर आजी यंत्राला कान लावून बसलेली. “आठे ये, देख!” तिने हाक मारली. आतून चिवचिव ऐकू येत होती, अंडी अजून बंद असताना.

रात्री पहिलं भोक पडलं. सकाळपर्यंत सहा पिल्लं बाहेर आली होती, ओली, थकलेली. एक मात्र भोक पाडून तासन्‌तास तसंच थांबलं. मला राहवेना. चिमट्याने कवच सोलावं म्हणून मी हात पुढे केला तर आजीने मनगट धरलं. “त्याला त्याचं करू दे.” कारण खरंच असतं. कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्या सुकायला आणि उरलेला बलक पोटात ओढून घ्यायला पिल्लाला वेळ लागतो. घाई केली तर रक्त वाहतं. भोक पडल्यावर वीसेक तासांनी ते पिल्लू आपणहून बाहेर आलं. त्या बलकावर पिल्लू दोन दिवस खाण्यावाचून राहू शकतं, त्यामुळे अंग वाळेपर्यंत पिल्लं यंत्रातच ठेवायची. सतरांपैकी तेरा निघाली.

पुढचं काम यंत्राचं नव्हतं, आमचं होतं. मोठ्या खोक्यात पोतं अंथरलं, कारण कागदावर पाय घसरून पिल्लं लंगडी होऊ शकतात. वर बल्ब टांगून पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश ठेवले आणि दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी केले. पिल्लं बल्बखाली दाटी करून बसली तर थंडी वाजतेय आणि लांब पळून धापा टाकू लागली तर उकडतंय, असं समजायचं. उथळ वाटीत पाणी आणि त्यात खडे, म्हणजे कुणी बुडत नाही. पशुवैद्यकांना विचारून पहिल्या आठवड्यातच राणीखेतची लस डोळ्यात थेंबाने दिली.

सात आठवड्यांनी आम्ही तीच गाडी घेऊन त्याच रस्त्याने निघालो. सात तलंगा आणि सहा कोंबडे. शेजारचा नातू रडला आणि बेन दारापर्यंत सोडायला आल्या. मामीच्या अंगणात डालगं उतरवलं तसं आजीने सांगितलं, “मामीच्या कोंबड्यांत लगेच सोडायच्या नाहीत. दोन आठवडे वेगळ्या.” नवीन पक्षी आणि जुने पक्षी एकदम मिसळू नयेत, हा रोग टाळण्याचा साधा नियम. तिला तो कुणी शिकवला हे मी विचारलं नाही. तिने मामाकडून फळ्या मागून घेतल्या आणि जुन्या खुराड्याला दार बसवून घेतलं.

परतताना गाडीत मी एकटाच होतो. “दोन आठवडे तरी राहते,” म्हणून ती मागे राहिली. ते दोन आठवडे अजून संपलेले नाहीत. परवा तिचा फोन आला की आपल्या तलंगांतली एक खुडूक झाली आणि तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आहेत.

इनक्युबेटर धुऊन, जंतुनाशकाने पुसून माळ्यावर ठेवला आहे. मंडळातल्या कुणाला हवा असेल तर घेऊन जा, बॅटरीसकट देतो. फक्त नेण्यापूर्वी एवढं सांगा, एकविसाव्या दिवसानंतर पिल्लं कुठे ठेवणार आहात?